इमर्जन्सी लाइट: हिरवा इंडिकेटर म्हणजे पास नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा मजली कार्यालयीन इमारत, खाली पार्किंगचं तळघर, दोन जिने. जनरेटर आहे. जिन्यांत आणि पॅसेजमध्ये बॅटरीवरचे इमर्जन्सी लाइट आहेत आणि सगळ्यांवर हिरवा इंडिकेटर लागलेला असतो. तरी अग्निसुरक्षेच्या तपासणीत ‘इमर्जन्सी लाइटिंग अपुरं, चाचणीच्या नोंदी नाहीत’ असा शेरा आला. पुरवठादार म्हणतो, सगळं ठीक आहे. मग कमी काय आहे, आणि नियमात बसायचं तर काय करावं लागेल?

या वर्णनावरून मला तपासणी करणाऱ्याचं म्हणणं बरोबर वाटतं. पुरवठादार खोटं बोलतो आहे असं नाही. तो ‘दिवे लावलेत का’ या प्रश्नाचं उत्तर देतोय. कायदा विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: सुटकेच्या वाटेवर कुठेही, कोणत्याही कारणानं अंधार झाला तर पुरेसा उजेड आपोआप येतो का, ठरलेला वेळ टिकतो का, आणि हे तुम्ही तपासून पाहिलंय का?

‘कोणत्याही कारणानं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण बहुतेक इमारतींची गाडी तिथेच अडते. इमर्जन्सी लाइट म्हणजे वीज गेल्यावर लागणारा दिवा, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण आगीत दर वेळी इमारतीची सगळी वीज जातेच असं नाही. फॉल्स सीलिंगमधली एखादी वायर जळते, शॉर्ट होतं, आणि त्या मजल्याच्या डीबीमधला (वीज वाटणाऱ्या पेटीतला) एकच एमसीबी, म्हणजे बिघाड झाल्यावर आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. बाकी सगळीकडे दिवे चालू, लिफ्ट चालू, मेन मीटरला काही कळतही नाही. अंधार होतो तो फक्त त्या मजल्याच्या जिन्यावर, जिथून माणसांना बाहेर पडायचं असतं.

म्हणून कागदपत्रं उघडण्याआधी एक गोष्ट करून पाहा. संध्याकाळी लोक गेल्यावर वायरमनला घेऊन कोणत्याही एका मजल्यावर जा आणि जिन्याच्या दिव्यांचा तेवढा एमसीबी खाली करा. मेन स्विचला हात लावू नका. आता जिन्यात उभं राहून पाहा, इमर्जन्सी लाइट लागला का? अनेक इमारतींत तो लागत नाही. हिरवा इंडिकेटर तसाच चालू राहतो आणि जिना काळोखात जातो. कारण सोपं आहे. इमर्जन्सी फिटिंगला चार्जिंगची लाइन वेगळ्या सर्किटवरून दिलेली असते, बहुतेकदा जवळच्या पॉवर पॉइंटवरून. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो: दिव्यांचं बटण कुणी बंद केलं तरी बॅटरी चार्ज होत राहावी. पण फिटिंग फक्त आपल्याला येणारी लाइन पाहतं. ती लाइन जिवंत असेपर्यंत त्याच्या दृष्टीनं काही घडलेलंच नसतं.

बरोबर पद्धत अशी की ज्या सर्किटवर त्या जागेचे नेहमीचे दिवे आहेत, त्याच सर्किटचा फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी तार, इमर्जन्सी फिटिंगला द्यायचा, मात्र बटणाच्या आधीचा. म्हणजे बटण बंद केलं तरी चार्जिंग चालू राहतं, आणि एमसीबी पडला की फिटिंग लगेच लागतं. वायरिंगमधला हा बदल बहुतेक ठिकाणी फार मोठा नसतो. नवीन दिवे घेण्याआधी तो करून घ्या.

जनरेटरची गोष्टही याच ओघात येते. जनरेटर बाहेरून येणाऱ्या पुरवठ्यावर नजर ठेवून असतो. मजल्यावरचा एमसीबी पडला तर तो सुरूच होणार नाही. पुरवठा खरंच गेला तरी सुरू होऊन भार घ्यायला त्याला काही सेकंद लागतात, आणि शेवटी त्याची वीजही त्याच पॅनेलमधून, त्याच केबलमधून वर जाते. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बॉम्बस्फोट झाला. तेव्हा मुख्य पुरवठ्याला धक्का बसला, आणि तिथले जनरेटर सुरू होऊनही थंड ठेवणारं पाणी तुटल्यामुळे थोड्याच वेळात बंद पडले. हजारो माणसं धुरानं भरलेल्या काळ्याकुट्ट जिन्यांतून चाचपडत उतरली, आणि त्याला तासन्‌तास लागले. त्यानंतर तिथल्या जिन्यांत बॅटरीवरचे दिवे बसवले गेले आणि पायऱ्या-कठड्यांवर अंधारात चमकणारे पट्टे मारले गेले. २००१च्या हल्ल्याच्या वेळी जे लोक उतरून आले, त्यांना या सुधारणांचा उपयोग झाला. जनरेटर असू द्या, तो हवाच. पण ‘जनरेटर आहे, म्हणून इमर्जन्सी लाइट नको’ हे म्हणणं मान्य करू नका.

काँप्युटरच्या यूपीएसवर चार दिवे जोडण्याची पद्धतही सर्रास दिसते. तीही चालत नाही. त्या यूपीएसवर पुढे कोण काय जोडेल याचा भरवसा नसतो, आणि आगीच्या वेळी तो बंद केला जाण्याचीच शक्यता जास्त. एका जागी मोठी बॅटरी ठेवून सगळ्या मजल्यांना पुरवठा करणारी सेंट्रल बॅटरी सिस्टिम ही वेगळी गोष्ट आहे, आणि मोठ्या इमारतींसाठी ती चांगली असते. तिथे अट एवढीच की बॅटरीपासून दिव्यांपर्यंतच्या केबल आगीत टिकणाऱ्या असाव्यात आणि मजल्यावरचं सर्किट गेलं हे त्या सिस्टिमला कळण्याची सोय असावी. तुमच्या आकाराच्या इमारतीला ज्याच्या त्याच्या पोटात बॅटरी असलेली स्वतंत्र फिटिंग पुरतील. एक बिघडलं तर एकच जातं.

आता दिवे कुठे हवेत ते पाहू. नकाशावर दर अमुक मीटरला एक टिंब काढून हे काम होत नाही. वरच्या मजल्यावरच्या सर्वांत आतल्या टेबलापासून चालायला सुरुवात करा आणि रस्त्यावर मोकळ्या जागी पोचेपर्यंत थांबू नका. वाट जिथे वळते, जिथे दोन वाटा मिळतात, जिथे एखादी जरी पायरी चढते-उतरते, तिथे दिवा हवा. जिन्याच्या प्रत्येक टप्प्याच्या पायऱ्यांवर थेट उजेड पडायला हवा. वरच्या लँडिंगचा उजेड कठड्याआडून झिरपतोय, एवढं पुरत नाही. बाहेर पडायच्या प्रत्येक दारापाशी हवा, आणि शेवटच्या दाराच्या बाहेरही हवा. ही बाहेरची जागा फार वेळा राहून जाते. माणूस आतल्या उजेडातून काळोखात पाऊल टाकतो, थबकतो, आणि मागून येणारे त्याच्यावर आदळतात. अग्निशामक उपकरणं, फायर अलार्मचं बटण आणि प्रथमोपचाराची पेटी यांच्याजवळही दिवा लागतो. युरोपातलं ईएन १८३८ हे मानक ‘जवळ’ म्हणजे आडव्या अंतरात २ मीटरच्या आत असं सांगतं, आणि या तीन ठिकाणी ५ लक्स मागतं (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड मोजायचं एकक).

याखेरीज लिफ्टची केबिन, मोठी आणि अपंगांसाठीची स्वच्छतागृहं, खिडकी नसलेल्या बैठकीच्या खोल्या, इलेक्ट्रिक पॅनेलची आणि जनरेटरची खोली हेही पाहा. वीज गेल्यावर पॅनेलच्या खोलीत कुणाला तरी जावंच लागतं, आणि नेमकी तीच खोली अंधारी असते. तुमचं तळघर तर या यादीत सर्वांत वर आहे. तिथे दिवसाही नैसर्गिक उजेड नाही, रॅम्प आहे, खांब आहेत, आणि गाडीतून उतरलेल्या माणसाला जिन्याचं दार कोणत्या बाजूला आहे हे माहीत नसतं.

किती उजेड हवा, यावर देशागणिक आकडे बदलतात, आणि नेटवर वाचलेला एखादा आकडा आपल्याला लागू होतोच असं नाही. ईएन १८३८ प्रमाणे सुटकेच्या वाटेवर जमिनीलगत किमान १ लक्स हवा, आणि मोठ्या मोकळ्या दालनात ०.५ लक्स. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या जीवसुरक्षेच्या संहितेत सुरुवातीला सरासरी १०.८ लक्स आणि कोणत्याही बिंदूला किमान १.१ लक्स अशी मागणी आहे. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ यापेक्षा कडक आहे. ती सुटकेच्या वाटेच्या मध्यरेषेवर जमिनीलगत १० लक्स मागते. अंदाज यावा म्हणून सांगतो, निरभ्र रात्री पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर साधारण पाव लक्स भरतं. त्या मानानं १ लक्ससुद्धा डोळे सरावल्यावर चालायला पुरतो, पण पळापळीत, धुरात, वयस्कर माणसाला तो तोकडाच पडतो. म्हणून जिन्यासाठी मी किमान आकड्यावर समाधान मानत नाही.

एका गोष्टीकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. ईएन आणि एनएफपीए या दोन्ही मानकांत सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधाऱ्या जागेतलं प्रमाण ४० ला १ पेक्षा जास्त नसावं असं म्हटलंय. पॅसेजच्या टोकाला दोन डोळ्यांचा एक दणदणीत स्पॉटलाइट लावला की सरासरी उत्तम भरते, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि दिव्याच्या मागची पायरी त्याला दिसतच नाही. दोन मोठ्या दिव्यांपेक्षा पाच लहान दिवे केव्हाही चांगले. त्यातला एक बंद पडला तरी वाट पूर्ण काळोखात जात नाही, हा आणखी फायदा. कोणत्याही टप्प्याचा उजेड एकाच दिव्यावर अवलंबून ठेवू नये, हा मुद्दा मी कंत्राटदाराकडून लेखी घेतो.

मोजमाप रात्री करायचं, लक्स मीटर जमिनीवर ठेवून. बाहेरचा उजेड खिडकीतून येत असेल तर आकडा फसवा येतो. साध्या मीटरवर १ लक्सच्या आसपासचं वाचन विश्वासार्ह नसतं, त्यामुळे कमी पल्ला नीट दाखवणारं आणि कॅलिब्रेशनचं (अचूकता तपासून घेतल्याचं) प्रमाणपत्र असलेलं मीटर आहे ना, हे विचारा. आणि वाचन घ्यायचं ते दिवा लागल्या लागल्या नव्हे, तर ठरलेल्या कालावधीच्या शेवटी.

कालावधीचे आकडेही सारखे नाहीत. ईएन १८३८ किमान १ तास म्हणतं. अमेरिकेत आणि भारताच्या संहितेत दीड तास आहे. जिथे लोक झोपतात, म्हणजे हॉटेल, वसतिगृह, रुग्णालय, किंवा जिथे लगेच बाहेर काढणं शक्य नसतं, तिथे ब्रिटिश पद्धतीत ३ तास धरतात. तुमच्या फिटिंगच्या लेबलवर लिहिलेला वेळ आधी बघा. बाजारात मिळणारा प्रत्येक चार्जिंगचा दिवा म्हणजे इमर्जन्सी ल्युमिनेअर, म्हणजे मानकाप्रमाणे बनवलेलं इमर्जन्सी फिटिंग, नव्हे. घरी वीज गेल्यावर वापरायचे दिवे तासाभरात मंद होत जातात आणि त्यांचं प्लॅस्टिक आगीत टिकेल अशा हिशोबानं केलेलं नसतं. फिटिंगवर आयईसी ६०५९८-२-२२ या आंतरराष्ट्रीय किंवा आपल्याकडच्या आयएस ९५८३ या मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहा आणि त्याचं चाचणी प्रमाणपत्र मागा.

आता हिरव्या इंडिकेटरकडे येऊ. तो सांगतो की फिटिंगला वीज येते आहे आणि बॅटरी चार्जरला जोडलेली आहे. बॅटरीत दम किती उरलाय, हे तो सांगत नाही, सांगूच शकत नाही. टेस्टचं बटण दोन सेकंद दाबलं की दिवा झळकतो, तेवढ्यानंही दीड तासाची खात्री होत नाही. जवळजवळ संपलेली बॅटरीसुद्धा दोन सेकंद दिवा पेटवते. निकेल-कॅडमियम बॅटरी अशा फिटिंगमध्ये साधारण चार वर्षांच्या हिशोबानं दिलेली असते, आणि तीही तापमान मर्यादेत असेल तर. फॉल्स सीलिंगच्या वर, छताच्या स्लॅबखाली कोंडलेल्या गरम हवेत ती त्याआधीच हात टेकते. शेवटच्या मजल्यावरच्या बॅटऱ्या खालच्यांच्या आधी जातात, ते यामुळेच. नवी बॅटरी बसवताना तिच्यावर मार्करनं तारीख लिहायची सवय वायरमनला लावा. आणि जुन्या निकेल-कॅडमियमच्या जागी ‘ही लिथियमची जास्त चालते’ म्हणून दुसऱ्या जातीची बॅटरी घालू देऊ नका. त्या फिटिंगचा चार्जर तिच्यासाठी बनवलेलाच नसतो. चुकीच्या चार्जरवर लिथियम बॅटरी स्वतःच आग लावू शकते.

चाचणीचा सर्वमान्य क्रम असा: महिन्यातून एकदा छोटी चाचणी आणि वर्षातून एकदा पूर्ण कालावधीची. महिन्याच्या चाचणीत नेहमीचा पुरवठा तोडून प्रत्येक दिवा लागतो ना, काच स्वच्छ आहे ना, पुढे कपाट किंवा लटकता बोर्ड आलेला नाही ना, एवढं पाहायचं. एनएफपीए त्यासाठी किमान ३० सेकंद सांगतं. वार्षिक चाचणीत दिवे पूर्ण वेळ बॅटरीवर चालू ठेवायचे आणि शेवटपर्यंत कोणते तग धरतात ते बघायचं. खरं काय ते याच चाचणीत कळतं, आणि टाळली जाते तीही हीच.

ती कशी घ्यायची ते नीट सांगतो, कारण इथे एक धोका आहे. पूर्ण चाचणीनंतर बॅटऱ्या रिकाम्या असतात आणि पुन्हा भरायला साधारण २४ तास लागतात. त्या काळात खरंच आग लागली तर इमारतीत इमर्जन्सी लाइट नाहीत. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, इमारत रिकामी झाल्यावर घ्या. शक्य असेल तर एका वेळी एकाआड एक फिटिंग तपासा, बाकीची दुसऱ्या आठवड्यात. दोन माणसं हवीत: एक जण एमसीबी खाली करून वेळ लिहितो, दुसरा दर पंधरा मिनिटांनी सगळी वाट चालतो. विझलेल्या किंवा लालसर, मंद झालेल्या फिटिंगवर लगेच रंगीत चिकटपट्टी लावायची, म्हणजे नंतर ‘तो होता की पलीकडचा’ असा घोळ होत नाही. ठरलेली वेळ भरत आली की जिन्याच्या टप्प्यांवर लक्स मोजायचा. मग एमसीबी वर करायचे आणि प्रत्येक इंडिकेटर परत लागला की नाही, हे पाहिल्याशिवाय घरी जायचं नाही.

याची नोंद करताना नुसतं ‘सर्व ठीक’ लिहून चालत नाही. प्रत्येक फिटिंगला क्रमांक द्या आणि तो नकाशावरही घाला. नोंद अशी हवी: ‘जिना ब, टप्पा ४, फिटिंग १७. पूर्ण कालावधी चाचणी. सुरुवात सायं. ७.१०. अपेक्षित ९० मिनिटं. ४०व्या मिनिटाला विझला. बॅटरी बदलली. २४ तास चार्ज करून पुन्हा चाचणी, ९० मिनिटं पूर्ण.’ खाली तारीख, नाव, सही. माझा अनुभव असा की तपासणी करणारा अधिकारी बिघाडाची नोंद पाहून नाराज होत नाही. उलट वर्षानुवर्षं एकाही दिव्याचा बिघाड न दाखवणारी, एकाच पेनानं लिहिलेली वही त्याला संशयास्पद वाटते, आणि ते रास्तच आहे. स्वतःची चाचणी स्वतः घेणारी फिटिंग मिळतात, त्यासाठी आयईसी ६२०३४ हे मानक आहे. मोठ्या इमारतीत त्यांनी पुष्कळ श्रम वाचतात. मात्र त्यांनी दाखवलेला लाल इशारा वाचायला आणि त्यावर काम करायला माणूस नेमलेला नसेल तर पैसे वाया गेले.

एक्झिट साइनबद्दल थोडं. धावणाऱ्या माणसाचं हिरवं चिन्ह वाट दाखवतं, वाटेवर उजेड पाडत नाही. दोन्ही लागतात. आतून उजळलेलं चिन्ह त्याच्या उंचीच्या २०० पट अंतरावरून वाचता येतं असं धरतात, म्हणजे १५० मिलिमीटर उंचीचं चिन्ह ३० मीटरपर्यंत. बाहेरून उजेड पडणाऱ्या पाटीसाठी हे अंतर निम्मं. अंधारात चमकणारे पट्टे जिन्यात अवश्य लावा, पण जोड म्हणून. त्यांना आधी उजेड ‘प्यावा’ लागतो. वीज वाचवायला जिन्यात मोशन सेन्सर लावले असतील आणि दिवे बहुतेक वेळ बंदच राहत असतील, तर ते पट्टेही ऐन वेळी फिकेच दिसतात.

कायद्याच्या बाजूनं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जबाबदारी कुणाची. ती कंत्राटदाराची नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५च्या अग्निसुरक्षा आदेशानं ती इमारतीवर ज्याचं नियंत्रण आहे त्या ‘जबाबदार व्यक्ती’वर टाकली. महाराष्ट्रात २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानं ती मालक किंवा भोगवटादारावर आहे, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. असं प्रमाणपत्र हाती असणं आणि दिवे खरंच ९० मिनिटं चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र देणाऱ्याला तुमची चाचणी-वही दाखवा आणि त्यानं स्वतः काय तपासलं ते लेखी मागा. तुमच्या इमारतीला नेमकी कोणत्या वर्षाची संहिता लागू होते, ते मंजुरीच्या कागदांवरून आणि स्थानिक अग्निशमन विभागाकडून पक्कं करून घ्या. मधल्या काळात एखादा मजला बदलला असेल, पार्टिशन हलवलं असेल, तर जुना नकाशा रद्द समजा. वाट बदलली की दिव्यांची जागाही बदलते.

तुम्ही काय करावं, त्याचा क्रम मी असा लावीन. या आठवड्यात एमसीबीची चाचणी, प्रत्येक मजल्यावर आणि तळघरात. पुढच्या सुट्टीआधी पूर्ण कालावधीची चाचणी, आहेत त्याच दिव्यांवर. तिचा निकाल हातात आल्याशिवाय एकही नवीन फिटिंग मागवू नका, कारण तुमचं दुखणं संख्येचं आहे, वायरिंगचं की बॅटऱ्यांचं, हे तोवर ठरत नाही. त्यानंतर चालत जाऊन केलेला नवा नकाशा, मग खरेदी. अर्धे दिवे वेळेआधी विझले, तर दुरुस्ती होईपर्यंत अंधार पडल्यावर तळघरात एकट्यानं काम ठेवू नका, सुरक्षारक्षकांकडे चार्ज केलेले टॉर्च द्या आणि प्रत्येक जिन्याला एक माणूस नेमा. तपासणीच्या शेऱ्याला उत्तर देताना ‘पूर्तता केली आहे’ असं एका ओळीचं पत्र पाठवू नका. काय सापडलं, काय दुरुस्त झालं, काय बाकी आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत होईल, हे लिहा. सोबत नवा नकाशा, लक्सची वाचनं आणि चाचणी-वहीच्या पानांच्या प्रती जोडा, आणि त्या पत्राची पोच वहीतच चिकटवून ठेवा.